मडमेच्या दारचा कडू घास

देश म्हणजे काय, यावर मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. मास्तरीण झाल्यावर तर ती मलाच करावी लागली. झेंड्याच्या दिवशी पोरी ओळीत उभ्या राहत, मी ठरलेली वाक्यं म्हणे, त्या टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन मी चूळ भरे. तोंडाला चवच तशी यायची. आपला देश थोर, आपले लोक प्रेमळ, परके लोक पाषाणहृदयी. म्हणायला सोपं असतं. ज्यांनी माझ्या आईला टोपली घेऊन रस्त्यात उभं ठेवलं, त्यांत आपले किती आणि परके किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

माझे वडील सोलापुरात एका कापडगिरणीत जॉबर होते. साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काही माग आणि त्यांवरचे विणकर त्यांच्या हाताखाली असत. सगळ्या खात्याचा मुख्य एक विलायती साहेब. तो आणि त्याची मडम गिरणीमागच्या बंगल्यात राहत. आम्ही भवानी पेठेत एका बोळात. आई नातेपुत्याकडची, शेतकऱ्याघरची. तिची भाषा शेवटपर्यंत तिकडचीच राहिली आणि तिला त्याची लाज कधी वाटली नाही. मला मात्र वडिलांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत घातलं होतं, त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या वर्षी मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

मडमेला सोलापुरातच मुलगी झाली. पोर रात्रंदिवस रडे. साहेब लाल डोळ्यांनी खात्यात येई आणि ज्याच्या त्याच्या अंगावर जाई. एकदा तो वडिलांपाशीच कुरकुरला, तेव्हा वडील म्हणाले, माझी बायको बोळातली सगळी बाळं न्हाऊ घालते, तिला पाठवू का? साहेबानं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आई तेलाची वाटी घेऊन निघाली आणि दुभाषी म्हणून मला बरोबर घेतलं.

आईनं जमिनीवर बसून पाय पसरले आणि पायांवर ते गोरंपान पोर घेतलं. तेल जिरवलं, हातपाय ओढून छातीवर आडवेतिडवे दुमडले, पाठीला कढत पाण्याचा शेक दिला. मडम किंचाळलीच. "ती माझ्या मुलीची हाडं मोडते आहे, तिला थांबव," असं मला म्हणाली. मी आईला सांगितलं. आईनं मान वर न करता उत्तर दिलं, "तिला म्हनावं, बाय, मी तुझ्या लेकराचं हाड मोडीन व्हय? गप बस की जरा." मी एवढंच सांगितलं की ती मोडणार नाही. न्हाऊन झाल्यावर पोर जे झोपलं ते दुपार उलटली तरी उठेना. मडम पुन्हा पुन्हा पाळण्याशी जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघत होती.

मग आई रोज जाऊ लागली. पोर बसायला लागलं, चालायला लागलं, तरी जातच राहिली. वडिलांनी साहेबाकडून पैसे घ्यायचं नाकारलं होतं. त्यांना त्यात मान वाटे, आणि आईला तर तो विचारही पटला नसता. ज्या बाळाला पायावर घेतलं, त्याच्या आईकडून मजुरी कोण घेतं?

दोघींच्या रीती एकमेकींना काही केल्या उमगत नसत. मडम मुलीला निराळ्या खोलीत एकटी झोपवी आणि ती रडली तरी दार उघडत नसे. आई हळहळत राही, "माय जित्ती आसून लेकरू आनाथ." उलट आई पोराच्या कपाळाला काजळाचा टिळा लावी तो मडम रुमालानं पुसून टाकी. मडम आईला खुर्चीवर बसवी. आई जेमतेम कडेला टेकून बसे, जणू खाली सुई आहे. आणि मडम उठता-बसता आईचे आभार मानी. पाणी दिलं, आभार. टॉवेल दिला, आभार. आईला ते मनाला लागे. "आसं काय गं परक्यावानी? मी काय लोकाची हाय का?" मी म्हणे, त्यांच्यात रीत आहे. आई म्हणे, "आसंल बया. पन वंगाळ रीत हाय."

तीस सालच्या उन्हाळ्यात, स्वराज्याच्या चळवळीत, गावात सरकारी गोळीबार झाला आणि मागोमाग लष्कर आलं. त्या दिवसांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. आमच्या बोळापुरतं सांगायचं तर, समोरच्या घरातल्या तेलुगू विणकरणीच्या दिराच्या मांडीत गोळी लागली, आणि डोक्यावर पांढरी टोपी दिसली म्हणून कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या वाण्याला शिपायांनी झोडपलं. गोळी लागलेल्या त्या दिराला आई रोज पेज नेऊन देई. तेव्हा तिला कुणी नावं ठेवली नाहीत. बंगल्यावर जाणं मात्र बंद झालं. वडिलांनीच नको म्हटलं.

लष्कर गेलं, पाऊस सुरू झाला, आणि एका दुपारी वडील गिरणीतून मध्येच घरी आले. साहेबाची मुलगी तापानं गेली होती. सकाळीच पुरलीही होती. आई खाली बसली. बराच वेळ नुसती पायांवरून हात फिरवत राहिली, जिथं ती त्या पोरीला घ्यायची तिथं. मग म्हणाली, "ल्हान लेकरू. आपल्यातबी पुरत्यातच की." आणि उठून चूल पेटवली.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या, नात्यातल्या बायका पिठलं-भाकरी करून नेतात, घरच्यांच्या गळ्यात पडून रडतात, आणि मग समोर बसून, हाताला धरून त्यांना चार घास खायला लावतात. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तो खाल्ला की घर पुन्हा जेवायला मोकळं होतं. कुणीच आणला नाही, तर त्या घराला माणसं नाहीत असा त्याचा अर्थ. मडमेची सगळी माणसं समुद्रापलीकडे. घास नेणार कोण, हा प्रश्न आईला पडलाच नाही. आपण नेणार.

टोपली डोक्यावर घेऊन ती बोळात आली, तशी समोरची विणकरीण आडवी झाली. "कुणाकडं नेती?" आईनं सांगितलं. ती बाई पेटलीच. "आमच्या घरात गोळी मारली, आन् तू त्यांना भाकरी घालती? त्यांचं पोर मेलं तर मरू दे की." आणखी दोघीतिघी दारांत आल्या. आई शांतपणे म्हणाली, "गोळी त्या पोरीनं मारली न्हाय बाय. मी तिला न्हाऊ घातलंय." कुणीतरी मागून थुंकलं. आईनं पदर घट्ट केला, माझा हात धरला आणि चालू लागली. मला आत्ताही लिहिताना त्या बायकांचा राग येतो. आणि विणकरणीचा दीर जन्मभर लंगडत चाललेला मी पाहिला आहे, म्हणून तो राग पुरता करताही येत नाही. याची चीड मला जास्त येते.

बंगल्याच्या फाटकावर गोळीबार झाल्यापासून पहारेकरी ठेवला होता. तो गिरणीतलाच माणूस, आईला ओळखत होता, त्यानं आत सोडलं. साहेब व्हरांड्यात आला. दाढी केलेली, गळपट्टा बांधलेला, बूट चकचकीत. ज्या बापानं सकाळी मुलगी पुरली त्याच्या अंगावरच्या कपड्यांना एक सुरकुती नव्हती. त्यानं मला विचारलं, "काय हवं आहे तिला?"

 मी म्हणाले, तिला काही नको. तिनं अन्न आणलंय. मडमसाहेबांना भेटून तिला ते खायला घालायचंय.

"पत्नी कुणाला भेटत नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईचा चांगुलपणा आहे. मागच्या दारी खानसाम्याकडे ठेवून जा."

मी आईला तसंच सांगितलं. मागच्या दारी! जणू भाजी विकायला आली होती. आईनं मान हलवली. "खानसाम्याला काय करायचा घास? त्याचं लेकरू मेलं का? तिनं खायाला पायजे. मी हितंच बसते. तिला म्हनावं, ये." आणि ती पायरीवर बसली, टोपली पुढ्यात ठेवली, आणि तिनं गळा काढला.

आमच्याकडे दुःखाच्या दारी मुक्यानं जात नाहीत. गेलेल्याचे गुण आठवून, त्याला हाका मारून रडतात. आई त्या पोरीला हाका मारत होती. माझ्या पायावर लोळलीस गं, तेलानं हसलीस गं, कुटं गेलीस गं. मला वाटलं, आता आतून दार उघडेल. साहेबाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याला ते सोंग वाटलं, टवाळी वाटली, की गिरणीतल्या माणसांनी उठवलेला नवा दंगा वाटला, देव जाणे. "बंद करा हे! घरात दुःख आहे!" असं तो ओरडला. घरात दुःख आहे म्हणूनच तर ती रडत होती. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला शाळेत शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या खिडकीत मडम दिसली. आईनं हात पसरले. मडमेनं क्षणभर खाली पाहिलं, मग पडदा ओढला आणि खिडकी लावून घेतली.

आईनं पसरलेले हात मागे घेतले. पहारेकऱ्यानं तिच्या दंडाला हात घातला, पण ती आपणच उठली. टोपली डोक्यावर घेतली.

दुखवट्याचं अन्न परत घरात आणत नाहीत. बोळात कुणाला देणंही शक्य नव्हतं. गिरणीच्या भिंतीपलीकडे एक लिंबाचं झाड होतं, तिथं आई थांबली, खाली बसली, फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवून माझ्यापुढे धरला. "खा."

"आई, हे आपण नाही खायचं."

"कुनीतरी खाया पायजे. लेकरू मेलंय."

आम्ही दोघींनी ते सगळं खाल्लं. येणारेजाणारे बघत होते. पिठलं गार झालं होतं. आई माझा हात धरून मला भरवत होती, जसं तिला मडमेला भरवायचं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. साहेबानं वडिलांना बोलावून ताकीद दिली, बायकोला आवरा. वडील घरी येऊन आईशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी मात्र माझ्या शाळेतल्या अमेरिकन बाईंना सगळं सांगून विचारलं, मडमेनं असं का केलं? त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे घरात मृत्यू झाला की पडदे ओढून घेतात. शोक चारचौघांत करायचा नसतो, मोठ्यानं तर नाहीच. तो अपमान नव्हता. ती रीतच आहे.

मी धावत येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिचं ओझं उतरेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "म्हंजे दुखात मानसं नको वाटत्यात त्यास्नी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो. "वंगाळ," ती म्हणाली, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. वर्षभरात साहेब-मडम विलायतेला निघून गेले. जाताना निरोप नाही, काही नाही. कदाचित तीही रीतच असेल.

बोळानं मात्र आईला सोडलं नाही. कुणी तिला हळदीकुंकवाला बोलवेना, कुणी बाळंतिणीच्या खोलीत तिला घेईना. नळावर तिची घागर मागे सारत. मडमेची मैत्रीण हे तिचं नावच पडलं. ज्या पोरांना तिनं पायावर न्हाऊ घातलं होतं, ती पोरं तिच्या मागून "थँक्यू, थँक्यू" ओरडत. दोन वेगळ्या देशांच्या माणसांना एकमेकांचं कळत नाही, हे मी समजू शकते. पण एका नळाचं पाणी पिणाऱ्यांना काय झालं होतं?

तीनेक वर्षांनी वडील गेले. गिरणीतच छातीत कळ येऊन कोसळले. पुरुष जमले, खांदे दिले, त्यात कसूर झाली नाही. माणसं स्मशानातून परतली, पांगली. आई न्हाऊन भिंतीपाशी बसली होती. चूल गार होती.

तेवढ्यात खिडकीतून मला त्या दिसल्या. बोळातल्या बायका फडक्यानं झाकलेल्या टोपल्या घेऊन येत होत्या. पुढे समोरची विणकरीणच होती, डोळ्यांना पदर लावलेला. शेवटी आल्या एकदाच्या, म्हणून मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. "आई, घास घेऊन आल्यात गं."

आईनं वर पाहिलं. "खिडकी लाव."

"आई, त्या आल्यात."

"त्यांच्यात लावत्यात न्हवं? तूच सांगितलंस की. लाव. दाराचीबी कडी घाल."

मी खिडकी लावली. कडी घातली. बाहेर बायकांनी गळा काढला, वडिलांच्या नावानं, अगदी रीतीप्रमाणे. मग दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. हळूहळू रडणं थांबलं आणि कुणीतरी म्हणालं, "बघा, खरीच मडम झाली." टोपल्या उचलल्याचा आवाज आला.

आई अंधारात बसून होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. विणकरणीच्या टोपलीतल्या पिठल्याचा वास दाराच्या फटीतून अजून आत येत होता, आणि आई तो वास घेत होती.