जळलेली बाही आणि माझा रिव्ह्यू

मागच्या मंगळवारी दुपारी आमच्या अमरावतीच्या घरात एक अघटित घडलं. बायकोनं मला सुईत दोरा ओवायला सांगितलाच नाही... हसू नका, आधी ऐका.

मी रिटायर्ड माणूस. बायको शोभा घरीच ब्लाउज, फॉल-पिको आणि रफूचं काम करते, पार वलगावहून बाया येतात तिच्याकडे. दुपारची जेवणं आटोपली की ती हातशिलाई घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते आणि आम्ही टीव्हीवर सिरीज बघतो. तिला आता जवळचं नीट दिसत नाही, म्हणून टीव्ही लावायच्या आधी सात-आठ सुया ओवून ठेवायचं काम माझं.

सध्याची सिरीज राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनची. धुकं, घोडागाड्या आणि एलिनॉर नावाची एक पोरगी... राग आला की तिच्या हातांतून आग निघते. अशा लोकांना पकडायला सरकारी माणसं टपलेली. तिच्या घरी एक म्हातारी मोलकरीण आहे, हातात कायम सुई-दोरा, तोंडातून शब्द नाही.

तिकडच्या समीक्षकांत म्हणे दोन तट पडलेत. काहींना सेट आणि पोशाख फार आवडले, काहींच्या मते पात्रांची नुसती खोगीरभरती. मीही चार एपिसोड बघून त्याच सुरात रिव्ह्यू ठोकला. खरं सांगायचं तर दोन बघितले होते, दोनांत डुलक्या काढल्या होत्या.

लिहिलं काय, तर 'कोपऱ्यात नुसती शिवत बसणारी म्हातारी काढून टाकली तरी काही बिघडत नाही. आणि एका सीनमध्ये जळलेली एलिनॉरची बाही पुढच्या सीनमध्ये धड कशी? दिग्दर्शक झोपला होता काय?' अडीच स्टार. तुम्ही मंडळींनी धडाधड लाइक दिले, मी खूश!

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, शोभा खिडकीशी बसून एकटीच सुईशी झटत होती. टीव्ही लावू का विचारलं, तर "तुमी पाहा, मले काम हाये." बुधवारीही तेच... गुरुवारी मात्र मला राहवेना. काय झालं ते सांगशील का, म्हटलं.

"काहून सांगू? कोपऱ्यातल्या बाईले काढून टाकलं तरी काही बिघडत नाही ना?"

मी गारच पडलो. अगं, ते सिरीजबद्दल होतं, असं म्हणालो खरा, पण बोलतानाच लाज वाटली.

मग तिनंच रिमोट घेतला. जळक्या बाहीचा एपिसोड लावला आणि बरोबर जागेवर थांबवला.

"हे पाहा. चूक नाही हे. म्हातारीनं कफ नवा बसवला. दोरा एक शेड गडद हाये, टाके बी हाताचे हायेत. पोरगी पकडल्या जाऊ नये म्हणून करून राहिली ते."

मी चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी जवळ गेलो... होता हो, गडद दोरा! मग नीट दाखवायचं ना त्यांनी, असं मी कुरकुरलो.

"रफू दिसून राहिला तं गिऱ्हाईक वापस आणते," ती म्हणाली.

उरलेले एपिसोड आम्ही सोबत बघितले, मी डोळे उघडे ठेवून. शेवटच्या भागात अधिकारी भिंग लावून बाही तपासतो, त्याला काहीच सापडत नाही, पोरगी सुटते. आणि दारातून बाहेर पडताना ती पहिल्यांदाच वळून म्हातारीकडे बघते.

मला माझे नोकरीतले शर्ट आठवले. झिजलेल्या कॉलरी शोभा उसवून, उलटवून लावायची. ऑफिसात कधी कुणाला कळलं नाही... मलाही नाही. नवा शर्ट घालावा तसा मी ऐटीत जायचो. थँक्यू म्हणायला बत्तीस वर्षं उशीर झाला, पण आज इथे सगळ्यांसमोर म्हणतो.

तर मंडळी, रिव्ह्यू दुरुस्त केलाय. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण गोष्ट मध्ये रेंगाळते, ते मत कायम. झोपलो होतो तो मी, दिग्दर्शक नव्हे.

ही पोस्ट टाकायच्या आधी शोभाला वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली... आणि सुयांचा डबा माझ्यापुढे सरकवला.