गोड्या पाण्याने पुसलेली सायकल

चंद्रावती छत्तीस वर्षांची होईपर्यंत एसटी आणि बैलगाडी सोडून कुठल्याही चाकावर बसली नव्हती. कासू स्टेशनवरून खाडीच्या अंगाला उतरलं की वीस मिनिटांवर तिची वाडी. वाडीतली बहुतेक घरं मिठागरावर जगलेली. तिचा नवरा नाथा मिसरूड फुटण्याआधीपासून मिठाच्या वाफ्यांत उभा राहिला होता. एका वर्षी उधाणाने बांध फुटला, मिठागरात खाडी शिरली आणि मालकाने तो बांध पुन्हा घातलाच नाही. तोवर नाथाच्या डोळ्यांनीही साथ सोडत आणली होती. पांढऱ्या मिठावरचं ऊन वर्षानुवर्षं बघून त्याला माणसं नुसती सावलीसारखी दिसायची. कोण आलं ते तो आवाजावरून ओळखायचा.

नव्वद सालच्या आगेमागे चंद्रावतीला नागोठण्याजवळच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. कंत्राटदाराकडे, भाजी चिरायचं आणि भांडी घासायचं. हजेरी सकाळी सातची. मुकादम पोपट वाईट माणूस नव्हता, पण सात म्हणजे सात. सात वाजून दहा मिनिटांनी आलेल्या बाईला तो मान वर न करता म्हणायचा, "आज जा. उद्या ये."

वाडीपासून कंपनीचं फाटक अकरा-बारा किलोमीटर. पहिली एसटी कधी भरून यायची, तर कधी यायचीच नाही. टेम्पोवाल्याची मर्जी असेल तर तो थांबायचा. एका आठवड्यात तिला दोनदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी ती हायवेच्या कडेने चालत घरी आली, पदराने तोंड पुसलं आणि नाथाच्या पुढ्यात भाकरी ठेवत म्हणाली, "मी सायकल घेते."

नाथाने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "संध्याकाळचा वारा आडवा असतो हायवेला. लय दमवंल."

एवढंच. नको म्हणाला नाही.

स्टेशनाजवळ दूध घालणाऱ्या शिवाची जुनी सायकल तिने सुट्टीच्या दुपारी मागून आणली आणि फुटक्या बांधावर नवरा-बायको शिकायला उभे राहिले. नाथाने मागून कॅरिअर धरलं.

"मला दिसत नाय नि तुला येत नाय," तो म्हणाला. "पडलो तर दोघं पडू, चल."

ते दोघं पडलेही. एकदा तर चिखलात कमरेपर्यंत गेले, आणि वाडीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांत जास्त हसली नाथाची थोरली भावजय धोंडुबाई. पण महिन्याभरात एके दिवशी चंद्रावतीला मागून नाथाच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. वळून बघावं तर तो लांब उभा, दोन्ही हात मोकळे, आणि तोंड भलत्याच दिशेला करून ऐकत होता.

पेणच्या बाजारात तिने एक सायकल बघून ठेवली होती. लाल रंगाची, पुढे टोपली, हँडलवर झिरमिळ्या. उचलली तर कळशीपेक्षा हलकी वाटली. शिवा म्हणाला, "घेण्याआधी रामवाडीच्या दिनानाथला इचार. त्यो इकत नाय काय, म्हणून खरं बोलतो."

दिनानाथचं दुकान म्हणजे हायवेलगत एक पत्र्याची शेड. तो चाकाच्या तारा कसत बसला होता. चंद्रावतीने लाल सायकलीचं वर्णन केलं. त्याने किंमत विचारली नाही. त्याने विचारलं, "राहाता कुठं, बाई?"

"कासूच्या खाली. खाडीवर."

"सायकल ठेवणार कुठं?"

"पडवीत."

"पडवीचं तोंड खाडीकडं?"

"व्हय."

दिनानाथने पाना खाली ठेवला. "मग लाल घेऊ नका. दोन पावसाळ्यांत जाईल. खाऱ्या हवेला चमक फार आवडते, ती आधी चमकच खाते. त्या सायकलीला तारेचे ब्रेक असतात. तार नळीच्या आतून गंजते, वरून कळत नाय, नि एक दिवस ट्रकसमोर हातात येते. सळईचा ब्रेक घ्या. वाकला तर दगडानं ठोकून सरळ होतो. चेनला पुरं झाकण पायजे. चाकाच्या तारा जाड पायजेत. मागच्या चाकाला जाळी, नायतर साडी जाईल." मग पाना उचलत तो म्हणाला, "पण अशी सायकल जड असते. वाऱ्यात पाय भरून येतील. हलकी घेतलीत तर पाय वाचतील पण सायकल मरंल. काय ते तुम्ही ठरवा."

चंद्रावतीने पायांकडे बघितलं. पायांचं तिला फारसं काही वाटत नसे. ते आजवर दुखूनही चालतच आले होते.

दिनानाथनेच तिला गिरजाबाईंकडे पाठवलं. गिरजाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गावोगाव लसी टोचत त्या जिच्यावरून फिरल्या होत्या ती काळी, जड, बायकांची सायकल पोत्याने झाकून मागच्या खोलीत उभी होती. चंद्रावतीने दिनानाथने सांगितल्याप्रमाणे एकेक बघितलं. मागचं चाक उचलून फिरवलं, रिम डुलते का पाहिली, पेडल धरून आडवं हलवलं, सांध्यांवरून अंगठा फिरवला. कुठे चीर लागली नाही.

"तेवीस वर्षं चालवली," गिरजाबाई म्हणाल्या. "तिचं काही झिजलं नाही. माझे गुडघे झिजले. बघ बाई, तुझी तयारी असेल तर ने."

अशी ती सायकल वाडीत आली.

तिथून पुढची वर्षं सांगायची म्हटली तर एक दिवस सांगितला तरी सांगून होतात, कारण सगळे दिवस सारखेच होते. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, नाथाचं झाकून ठेवायचं, सहाला पाय मारायला सुरुवात करायची. जाताना बरं असायचं. परतीला मात्र नाथाने सांगितलेला वारा खाडीवरून आडवा यायचा आणि सायकल ट्रकांच्या बाजूला ढकलायचा. दिवसभर घमेल्याएवढ्या कढया घासलेले हात हँडल धरून धरून बधीर व्हायचे. घरी आल्यावर ती काही वेळ ओट्यावर नुसती बसून राहायची. नाथा पाण्याचा तांब्या चाचपत आणून द्यायचा आणि तिच्या श्वासावरून ओळखायचा, आज वारा किती होता ते.

आठवड्याची सुट्टी रविवारी. त्या दिवशी तिला मनापासून वाटायचं की दुपारपर्यंत पडून राहावं. पण दिनानाथने बजावलं होतं, "रोज नाय जमलं तरी आठवड्याला पुसा. आधी गोडं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. मीठ राहिलं नि त्यावर तेल घातलं तर काय उपयोग नाय." म्हणून ती उठायची. सायकल उलटी करायची, ओल्या फडक्याने रिमा, सळया, सांधे पुसायची, चेनवर एकेक थेंब तेल सोडायची. ढिला नट असेल तर आवळायची. ब्रेकचे रबर झिजले तर बाजू पालटून लावायची.

गोडं पाणी हीच वाडीची खरी अडचण. वाडीच्या विहिरीला खारं पाणी. गोडं पाणी स्टेशनापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे. ते सायकलीला लावलेलं पाहून धोंडुबाईचं डोकं फिरलं. एका रविवारी ती अंगणात येऊन सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलली, "माणसांना प्यायाला नाय, नि हिची सायकल आंघोळ करते! काय गो, तिला शिकेकाई पण लावतंस काय?"

चंद्रावती उभी राहिली. भांडायला तिच्या अंगात त्राणच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, ही गंजली तर घर बसंल."

"नि आमी तहानेनं बसू!"

ते बोलणं तिला लागलं. कारण ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कॅन्टीनमधून तेलाचे दोन रिकामे डबे मागून घेतले, राखेने स्वच्छ घासले आणि परतताना नागोठण्याच्या नळावर भरून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बांधले. त्या संध्याकाळी वारा होता. सायकल आधीच जड, त्यात पाणी. चढाला ती उतरून ढकलत आली. घरी पोचल्यावर तिने एक डबा धोंडुबाईच्या दारात नेऊन ठेवला.  दुसऱ्या डब्यातलं पाणी नाथाला प्यायला, आणि त्यातलंच तांब्याभर सायकलीला.

धोंडुबाईने दोन दिवस डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डबा धुऊन, रिकामा, चंद्रावतीच्या पडवीत आला. मग तो रोज भरून जाऊ लागला. तेव्हापासून तिला कुणी सायकलीवरून बोललं नाही. मात्र रोजचं ओझं वाढलं ते वाढलंच.

तिसऱ्या पावसाळ्यात अंबा नदीला मोठा पूर आला. दुपारी कॅन्टीनमध्ये निरोप आला की नागोठण्यात पाणी चढतंय, लांबच्या बायकांनी निघावं. चंद्रावती बाजारापर्यंत आली तेव्हा समोरच्या रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी पळत होतं. तिने सायकल एका बंद दुकानाच्या लोखंडी खांबाला साखळीने बांधली. क्षणभर तिला वाटलं, उचलून न्यावी. पण पाणी बघता बघता मांडीला लागलं. ती आणखी दोघींबरोबर रेल्वेच्या भरावावर चढली आणि रुळांवरून चालत, दिवे लागायच्या वेळेला घरी पोचली. नाथा दारातच उभा होता. तिचा आवाज ऐकून तो खाली बसला.

"सायकल?" त्याने विचारलं.

"पाण्यात."

त्या दिवशी ती जेवली नाही. रडली मात्र जेवायला बसल्यावर, ताट समोर असताना.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती गेली. सायकल खांबालाच होती, हँडलपर्यंत गाळात. इतरांच्याही पडल्या होत्या. लोक त्या ओढून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकत होते. तिने हातांनी गाळ उकरला, ती बाहेर काढली आणि पेणकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला हात जोडून रामवाडीला नेली.

दिनानाथच्या शेडमध्ये गेली तर तो स्टुलावर नुसता बसलेला. त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. पान्यात नट धरायचा नाही.

"मला नाय जमायचं आता," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही खोला. आजच खोला. उद्यापर्यंत चाकाच्या हबात गंज धरंल."

ती जमिनीवर बसली. तो सांगत गेला, ती करत गेली. पुढचं चाक सोडवलं. आसावरचा कोन, म्हणजे पेचाची टोपी, ढिला करून आस ओढला तसे आतले छर्रे, त्या बारीक पोलादी गोळ्या, गाळासकट ओंजळीत सांडले. रॉकेलच्या ताटलीत तिने ते धुतले.

"एकेक बघा," दिनानाथ म्हणाला. "ज्याच्यावर ठिपका दिसंल तो टाका. एक खराब राहिला तर बाकीच्यांना खातो."

तिने ते उजेडाला धरून धरून बघितले. बोटं सुजली होती, दोन रात्रींची झोप डोळ्यांत होती. मध्येच ती एका छर्ऱ्याकडे नुसतीच बघत राहिली, आणि दिनानाथला दोनदा हाक मारावी लागली. नवे छर्रे, नवं ग्रीस. मग कोन कसायचा. घट्ट केला तर चाक अडायचं, सैल केला तर डुलायचं. चार वेळा चुकलं. पाचव्या वेळी तिने चाक फिरवलं आणि ते आवाज न करता फिरत राहिलं, हळूहळू मंद होत, व्हॉल्व्हच्या वजनाने मागे झुकलं नि थांबलं.

"झालं," दिनानाथ म्हणाला. "आता मागचं."

"आजच?"

"आजच, बाई."

तिने मागचंही केलं. मग पेडलं, मग हँडलची मान. दिनानाथने काही घेतलं नाही. उलट स्वतःचा एक पाना तिच्या पिशवीत टाकला. "माझ्या हातात तो आता नुसता वाजतो," म्हणाला.

पोपटने त्या आठवड्याची हजेरी कापली नाही. कॅन्टीनमधल्या बायकांना तिने स्वतः चाकं खोलल्याचं सांगितलं तेव्हा त्यातली शकू आपली गाळाने भरलेली सायकल घेऊन आली. मग दुसरी कुणी. चंद्रावतीने रविवारी त्यांना चाकं खोलायला शिकवलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं, आणि करायचीही फार इच्छा नव्हती. ती त्यांना म्हणायची, "मी करून नाय देणार. मी सांगते, तू खोल." त्यात थोडं शहाणपण होतं, पण जास्त थकवाच होता.

सायकल पुढे आणखी तेरा वर्षं चालली. दोनदा रिमा बदलल्या, टायर किती गेले ते आठवत नाही. हायवेवर गाड्या वाढल्या, कडेची माती उकरली गेली, आणि चंद्रावतीचे गुडघे उतरताना कटकट वाजू लागले. अखेर कंत्राट बदललं आणि नव्या माणसाने कामगारांसाठी कासूच्या फाट्यापर्यंत बस सुरू केली.

लोकांना वाटलं, तिला सायकल सोडताना जड जाईल. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी ती खिडकीशी बसली, डोकं दांडीला टेकवलं आणि बस सुरू व्हायच्या आत झोपली. परतीलाही झोपली. ड्रायव्हरने हाक मारली, "मावशी, कासू आलं." ती उठली, आणि खाली उतरल्यावर बराच वेळ फाट्यावर उभी राहिली. पाय दुखत नव्हते. त्याचीच तिला सवय नव्हती.

सायकल आता नाथा वापरतो. चालवत नाही, हाताने धरून नेतो. फाट्यावर नळ आला आहे, तिथून दोन डबे भरून आणतो, एक धोंडुबाईचा, एक घरचा. दिसत नसलं तरी रस्ता त्याला पाठ आहे, आणि हँडल धरलं की तोल जात नाही असं तो म्हणतो. रविवारी चंद्रावती उशिरा उठते. नाथा तोवर फडकं ओलं करून पायरीवर बसलेला असतो. ती म्हणते, "थांब जरा, च्या तरी पिऊ दे," आणि तो थांबतो.