दोन भोवरे

ताईच्या लेकीला न्हाऊ घालून आईने माझ्या मांडीवर दिलं. ओल्या जावळात दोन भोवरे दिसले, थेट ताईसारखे.

लहानपणी मी ताईच्या भोवऱ्यांवर बोट फिरवायचो आणि ती ओरडायची, "गुदगुल्या होतात रे!" पुढे तिला बघायला पाहुणे येऊ लागले. दोन भोवऱ्यांच्या मुलीचा पहिला नवरा टिकत नाही, असं लोक मानत. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत आणि घरात आई भोवरे झाकून ताईचा भांग पाडी.

गोगलगायीची पाठ, सूर्यफुलाचं पोट, आपल्या अंगठ्याचा ठसा, कानाचा आतला शंख. वाढणारा जीव असाच वळत जातो. त्याच्या वळणांवर कुणाचं मरण लिहिणारे आपण कोण?

बाळाला बघायला आलेल्या ताईच्या सासूबाईंनी टोपडं पुढे केलं. "झाक गं, चारचौघांत चर्चा नको."

"होऊ दे की, आई," ताई सासूबाईंना म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा मी भांग मोडून ह्यांना माझे दोन्ही दाखवले होते."

"आणि मेल्यानं आपल्या आईला सांगितलं नाही!"

सासूबाईंना हसू आवरेना. टोपडं बाजूला ठेवून त्या बाळाची टाळू भरायला बसल्या.