जावयाचा गोल

गोल झाला की भाटो नाचत नसत, हात वर करत नसत, कोणाला मिठीही मारत नसत. सरळ चालत गोलाच्या मागे जायचे, तिथे पडलेला चेंडू स्वतः उचलून आणायचे आणि गोलकीपरच्या हातात द्यायचे. "घे बाबू," म्हणायचे, "चेंडूवर राग नको काढू." एवढं बोलून पाठ फिरवायचे. तो गोलकीपर म्हणजे मी. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. अजूनही एखाद्या वेळी भर दुपारी, अंगणात एकटा बसलेलो असताना, ते मागून ऐकू येतं आणि मी वळून पाहतो. घरची माणसं हसतात. त्यांना हसू देतो, कारण खरं सांगायला मला आजवर जमलेलं नाही.

भाटो म्हणजे बहिणीचा नवरा. माझ्या मोठ्या बहिणीचे, पार्बताबाईचे, ते यजमान. म्हणून माझे भाटो. पण आमच्या गावात लहानथोर सगळेच त्यांना भाटो म्हणत. माझा बाप, म्हणजे त्यांचा सख्खा सासरा, तोसुद्धा एकदा चुकून "भाटो, पाणी घ्या" म्हणाला होता, आणि आईने त्यावरून त्याला आठ दिवस चिडवलं होतं. त्यांचं खरं नाव फक्त रेल्वेच्या हजेरीत होतं. गोंदियाला ते इंजिनवर फायरमन होते. अंगाने सडसडीत, रंग कोळशाशी स्पर्धा करणारा, आणि हसले की दात तेवढे दिसायचे. रेल्वेच्या संघातून ते सेंटर फॉरवर्ड खेळत. अनवाणीच. घोट्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली की झाली तयारी. गोंदियात राहून त्यांची जीभ निम्मी हिंदी झाली होती. मैदानात "दे भाई, इधर दे" आणि मैदानाबाहेर आपली झाडीबोली.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ढाल, म्हणजे सजवलेली देवकाठी, डफडे वाजवत निघते, जिलेबीची पालं पडतात, रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचं सोंग, होते. आमच्या गावच्या मंडईत एक गोष्ट जास्तीची होती. दुपारी आखरावर, म्हणजे गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, फुटबॉलची लढत व्हायची. एका बाजूला गावचे पोरगे, दुसऱ्या बाजूला गावचे जावई. स्वातंत्र्य मिळालं त्या साली भाटोंनीच गोंदियाहून चेंडू आणून हे खूळ काढलं होतं. बाकीचे जावई म्हणजे वडे-सुवारी खाऊन सुस्तावलेली मंडळी. धोतराचा काचा मारून उभी राहायची आणि चेंडू आला की वाट द्यायची. खेळायचे ते एकटे भाटो. बांबूचे दोन खांब आणि वर सुंभाची दोरी, असा आमचा गोल. त्यात मी उभा, आणि समोरून ते येताहेत. पहिली काही वर्षं त्यांचे चेंडू मला नुसते ऐकू आले, दिसले नाहीत.

गोल कसा मारावा याचं त्यांचं एकच शास्त्र होतं. "पाय म्हातारा होते बाबू, डोळा नाही होत." उजवीकडे बघायचे आणि डावीकडे मारायचे. ही त्यांची खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. मलाही ठाऊक होती. तरी दरवर्षी मी उजवीकडेच, म्हणजे त्यांच्या उजवीकडे, उडी घ्यायचो. ते बघणं इतकं खरं असायचं.

तेव्हाच कधीतरी, जेवताना, सगळ्यांसमोर त्यांनी एक गोष्ट बोलून ठेवली. कोणीतरी थट्टेत विचारलं होतं, "भाटो, कवापर्यंत खेळसान?" भाटो वाटीतलं वरण संपवून म्हणाले, "ज्या मंडईले माहा गोल नाही झाला, त्या मंडईपासून मी बसलो. मंग कोणी 'उठा' म्हणाचं नाही." सगळे हसले. तो काळ असा होता की भाटोंचा गोल होणार नाही ही कल्पनाच हसण्यासारखी होती.

मग वर्षं गेली. इंजिनच्या पायरीवरून घसरून त्यांचा डावा गुडघा दुखावला. चाळिशी उलटली होती. रेल्वेच्या संघाने त्यांना मानाने बाजूला बसवलं, म्हणजे पोरांना शिकवा म्हणून सांगितलं. त्यांनी चार दिवस शिकवलं आणि सोडून दिलं. खेळायला जागा उरली ती आमच्या मंडईची. वर्षातून एक दुपार. त्या एका दुपारसाठी ते वर्षभर गुडघ्याला मोहाचं तेल चोळत, असं पार्बताबाई सांगायची.

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षीची मंडई. उन्हं कलायला आली तरी भाटोंचा गोल नव्हता. शेवटी त्यांना एकदा चेंडू मिळाला. ते उजवीकडे बघत आले आणि त्यांनी डावीकडे मारला. पण पायात पहिला जोर नव्हता. चेंडू धुळीतून घरंगळत आला. वासरानेसुद्धा अडवला असता असा चेंडू. मी तो येताना सबंध पाहिला. आखराच्या कडेला बायका उभ्या होत्या, त्यांत माझी आई होती, पार्बताबाई होती. पुढे गावचे कर्ते, वयोवृद्ध महाजन, खाटेवर बसलेले. आमच्यात जावई मंडईहून रित्या हाताने जात नाही. दुपट्टा, नारळ, काही ना काही द्यावंच लागतं. माझ्या डोक्यात नेमकं काय आलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी उजवीकडे उडी घेतली.

गावाने असा काही गलका केला की ढालीवाल्यांचे डफडे झाकले गेले. भाटोंनी चेंडू उचलून आणला, माझ्या हातात दिला, "चेंडूवर राग नको काढू" म्हणाले. संध्याकाळी महाजनांनी मला बोलावून पाठीवर हात ठेवला. "चांगलं केलंस पोरा. जवाई रिता गेला असता." म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. हळूहळू कळलं की बहुतेकांनी पाहिलं होतं. आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गोल ही वस्तू आमच्या लेखी दुपट्ट्यासारखीच झाली होती. जावयाला द्यायची, आणि दिली हे बोलायचं नाही. आमच्यासारखी शहाणी माणसं जगात दुसरीकडे सापडायची नाहीत.

पुढच्या वर्षी तर आमचे बचावाचे गडीसुद्धा वेळेवर पाय घसरून पडू लागले. मला चुकायची कला साधली होती. फार लवकर उडी मारायची नाही, नाहीतर कळतं. बोटं चेंडूच्या जवळ न्यायची आणि शेवटच्या क्षणी वीतभर मागे घ्यायची. भाटो खूश होते. जेवताना म्हणाले, "गोंदियातले पोट्टे मले बुढा म्हणतेत. त्याईले आणा एकदा मंडईले!" मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. पण तो आनंद त्यांच्या ताटातून उचलून घ्यायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या वर्षी मंडईच्या सकाळी पार्बताबाईने मला गोठ्याच्या मागे गाठलं. ती बोलायला रोखठोक. "दामू, तू मुद्दाम सोडून राहिलास ना?"

मी वाकून शेणाची पाटी उचलली.

"कायले करतेस असं? त्यायचा गुडघा पाह्यलास का? भोपळ्यावानी सुजते. इंजिनवर जाताना मी दारातून पायतो, मले रडू येते. उद्या पाय गेला त साहेब खाली उतरवीन. ते सोताच्या तोंडानं बोलून बसले, गोल नाही झाला त बसीन म्हणून. तू चेंडू रोक. ते आपोआप सोडतीन, मानानं."

"आणि त्याईचं मन?"

"मन मी सांभाळीन. तू चेंडू सांभाळ."

मी तिला वचन दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिलं.

त्या दुपारी मी वचन पाळायलाच गोलात उभा होतो, यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. भाटो लंगडत होते. दोनदा पडले. दोन्ही वेळा उठून त्यांनी कपाळाची धूळ पुसली आणि कोणाकडे न बघता चेंडूमागे गेले. शेवटी चेंडू त्यांच्या पायाशी आला. आमचे गडी नेमाप्रमाणे घसरले. भाटो एकटे माझ्यासमोर. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मला डावीकडे जायचं होतं. पार्बताबाई समोर उभी होती, पदराचं टोक दातात धरून. चेंडू डावीकडून सावकाश आला, मी डावीकडे झेपावलो, आणि हात चेंडूपर्यंत पोचला तेव्हा तो आपसूक मागे आला. मी मागे घेतला असं म्हणायला हवं. पण मला तसं वाटलं नव्हतं. दोन वर्षं त्याला हेच शिकवलं होतं.

गलका झाला. भाटो गोलाच्या मागे गेले, चेंडू उचलला, माझ्यासमोर आले. चेंडू पुढे केला, पण सोडला नाही. दोघांचेही हात चेंडूवर. अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कवापासून?"

मी खोटं बोलू शकलो असतो. गावाने तेच केलं असतं. पण त्या डोळ्यांसमोर जमलं नाही.

"तीन मंडया झाल्या, भाटो."

त्यांनी मान हलवली. चेंडू माझ्या हातात सोडला. त्या दिवशी पहिल्यांदाच ते काही न बोलता गेले.

जेवण त्यांनी नीट केलं. दुपट्टा घेतला, नारळ घेतला, सासू-सासऱ्यांच्या पाया पडले. पार्बताबाईने मन सांभाळीन म्हटलं होतं. बिचारीला सांभाळायला काही हातीच लागलं नाही. ते रागावले असते तर तिला उपाय सापडला असता. त्यानंतरच्या मंडयांना ती एकटी आली. "ड्यूटी आहे त्याईले," असं आईला सांगायची. आखरावरची लढतही बंद पडली. महाजन म्हणत राहिले, "जवायाचं बिनसलं कायनं? आपण त काही कमी केलं नाही." आणि ते अगदी मनापासून म्हणत.

शेवटी मला राहवेना. धानाची मळणी आटोपल्यावर एका सकाळी मी गोंदियाला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. भाटो दारातच बसले होते. मला पाहून उठले, आत गेले आणि चेंडू घेऊन बाहेर आले. "चाल," म्हणाले. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, पलीकडे एक मैदान होतं, तिकडे घेऊन गेले. दोन विटा ठेवल्या. मला मध्ये उभं केलं.

"आज मंडई नाही. मी जवाई नाही, तू साळा नाही. रोक."

त्यांनी मारला, मी अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. प्रत्येक अडवलेल्या चेंडूबरोबर त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. "शाबास! असा!" चेंडू अडवल्यावर इतका आनंदलेला फॉरवर्ड मी दुसरा पाहिलेला नाही. मलाही रडू आणि हसू एकदमच येत होतं. वाटलं, फिटलं. आता घरी जाऊ, पार्बताबाईच्या हातचा चहा पिऊ, आणि पुढच्या मंडईला याच रुळावरून यांना घेऊन जाऊ.

मग त्यांनी चेंडू थोडा मागे नेला. लंगडत धावत आले, उजवीकडे पाहिलं आणि डावीकडे मारला. तो वेग कुठून आला देव जाणे. मी सगळं अंग फेकलं. चेंडू बोटांपासून वीतभर लांबून गेला. माझे तळहात सोलवटले, तोंडात माती गेली. मी पडल्या पडल्या ओरडलो, "भाटो! गोल! खरा गोल!"

मी वर पाहिलं तर ते तिथेच उभे होते आणि हसू मावळलं होतं.

"हाही सोडलास."

"नाही भाटो! पार्बताबाईची शपथ. हे पाहा हात."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट. "राहू दे बाबू," म्हणाले, "तुह्या मनात पाप नाही, मले माहीत आहे." आणि चेंडू आणायला न जाता ते घराकडे वळले. चेंडू मीच आणला.

त्या पावसाळ्यात भाटो तापाने गेले. तेरावं झाल्यावर पार्बताबाईने मला बाजूला घेतलं. मैदानावरची गोष्ट त्यांनी तिला सांगितली होती. "दामू, आता ते नाहीत. आता मले खरं सांग. तो शेवटचा गोल?"

"खरा होता, बाई."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी मी खोटं बोलताना पकडला गेलो की फिरवायची तसा. त्याला आता खूप वर्षं झाली. मी ती उडी मनात पुन्हा पुन्हा घेऊन पाहतो. हात पूर्ण ताणला होता, मागे घेतला नव्हता, एवढं मी कोणाहीपुढे शपथेवर सांगेन. पण एकटा असलो की आता माझीसुद्धा खात्री पटत नाही.