कपिलेचा सौदा

गाय मनासारखी मिळाली होती. अडचण एवढीच, की ती माझीच होती.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. मी जिंतूरच्या गुरांच्या बाजारात दलाल होतो. वालूरच्या दस्तगीरचाचांची लेक बाळंतपणात गेली. मागं तान्ही नात राहिली. शेळीचं दूध तिला पचेना. चाचांचे गुडघे धरलेले, बाजार हिंडणं जमेना. मला बोलावून म्हणाले, "गणपत, तुला माझा वकील करतो. ताजी व्यालेली गाय आण."

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. त्यांच्या धर्माच्या व्यवहारात, दुसऱ्याच्या वतीनं खरेदी करणारा एजंट. त्याला ठरलेलं कमिशन मिळतं, नफा-तोटा मालकाचा. पण वकिलानं स्वतःचीच वस्तू मालकाला विकायची नसते. विकणाराही तोच आणि घेणाराही तोच, मग मालकाची बाजू कोण बघणार?

जिंतूर झालं, सेलू झालं. एक गाय आटत आलेली, दुसरीचं एक सड मेलेलं. आमच्या गोठ्यात मात्र कपिला नुकतीच व्यालेली. सरूनं, माझ्या बायकोनं, ती वासरापासून वाढवलेली. मी तिच्यापुढं कपिलेचं नावही काढलं नाही. एकदा सरूनंच विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"रडायलंय."

तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "कपिलाला न्या."

मी वालूरला गेलो. "चाचा, गाय हाय, पण माझी हाय. आधी मला वकालतीतून मोकळं करा."

"आणि तुझं कमिशन?"

"ऱ्हाऊ द्या."

"जा, मोकळा केला. आता गायीचे ऐब सांग."

ऐब म्हणजे खोडी. "एकच हाय. बाईमाणसाशिवाय कुणाला धार काढू देत न्हाई. लाथ मारती."

चाचांच्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. "तरी आण," ते म्हणाले.

भाव दुसऱ्या दलालानं ठरवला. सरू गायीबरोबर आली. तिनं आपलं जुनं लुगडं चाचांच्या डोक्यावरून, खांद्यावरून गुंडाळलं. पांढऱ्या दाढीचे चाचा पदर घेऊन धार काढायला तिवईवर बसले. कपिलेनं वास घेतला आणि पान्हा सोडला. सरूनं दूध उकळून पातळ केलं, बोंडल्यानं पोरीला पाजलं. पोर तिच्या मांडीवरच झोपली. चाचा लुगड्याच्या पदरानंच डोळे पुसत होते.

पोर जगली, बाळसं धरलं. मी पुढं पुष्कळ वर्षं दलाली केली. एका सौद्यात दोन्हीकडं बसता येत नाही. एक जागा आधी सोडावी लागते, कमिशन बुडलं तरी.