उचकीच्या पेपराचे दाखले

आमची वहिनी मेंदूची सर्जन. ऑपरेशन करताना तिचा हात तसूभरही हलत नाही, पण घरी आली की बाई हवेत. चहात मीठ घालते आणि तोच चहा पिऊन वर "छान झालाय" म्हणते. संध्याकाळी ती खिडकीशी बसून लॅपटॉपवर जुन्या ऑपरेशनचं चित्रीकरण बघत राहते. पडद्यावर काहीतरी गुलाबी, ओलसर, संथपणे धडधडत असतं, आणि बाहेर उजेड विझला तरी तिला पत्ता नसतो. माझं चष्म्यांचं दुकान आहे, बघण्यातलं मला थोडंफार कळतं. त्या पडद्याकडे ती बघते तसं दादाकडे तिने कधी बघितलेलं नाही.

तिचे संशोधनाचे पेपर पुष्कळ. बहुतेकांत तिचं नाव "आणि इतर"मध्ये गडप, म्हणून दादा तिला लाडाने "इतर" म्हणतो. स्वतःचा म्हणावा असा एकच, उचकीचा. एका घड्याळजीची उचकी काही केल्या थांबेना. चिमट्यात धरलेला स्क्रू उडून जायचा. त्याच्या मेंदूच्या देठाला एक रक्तवाहिनी घासत होती. वहिनीने दोघांच्या मध्ये कापसासारखा इवलासा तुकडा सरकवला आणि उचकी बंद!

कित्येक वर्षं त्या पेपराला कुणी हुंगलंही नाही. मग कुठल्याशा परक्या डॉक्टरने आपल्या पेपरात त्याचा दाखला दिला, मग आणखी कुणी, आणि बघता बघता रांग लागली. या दाखल्यांना सायटेशन म्हणतात आणि ती मोजून संशोधकाची किंमत ठरते.

"म्हणजे जगात कुणी तुझी आठवण काढली की आकडा वाढतो?" मी विचारलं.

"तसंच काहीसं."

"मग ही उचकीच की गं!"

वहिनी हसत सुटली. त्यानंतर आकडा वाढला की ती स्वयंपाकघरात येऊन नुसतं "उक्" करायची.

अशातच विभागप्रमुखांची जागा रिकामी झाली. या पेपरामुळे वहिनीचं पारडं जड होतं. जागा मिळाली की स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. तिथली खिडकी कुठल्या दिशेला हवी, यावरही आमच्या घरी वाद झाले.

एका दुपारी तोच घड्याळजी माझ्या दुकानात भिंग घ्यायला आला. भिंग डोळ्याला लावलं आणि त्याला उचकी आली. मग दुसरी. मी बघतच राहिले.

"परत कधी सुरू झाली?"

"झाली ऑपरेशननंतर वर्षा-दीड वर्षात. पण डॉक्टरीणबाईंना सांगू नका हं. किती मेहनत घेतली होती त्यांनी! वाईट वाटेल."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. वहिनीने लॅपटॉप मिटला.

"माझं वाचून लोक कवट्या उघडतायत गं," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "निवड होऊ दे, मग लिही. महिन्याभराने काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुझ्या डोक्याला भोक पाडणार असते तर थांबला असतास?"



तिने घड्याळजीला बोलावून तपासलं आणि दुरुस्ती छापायला पाठवली: उचकी परत आली आहे, आधी औषधं नीट देऊन बघा. ती छापून आली, आणि प्रमुखपद तिच्या हाताखाली शिकलेल्या एकाला मिळालं.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटणारच ना. मला हवी होती ती जागा," म्हणाली आणि भांडी विसळता विसळता ढसाढसा रडली. मलाही रडू आलं. त्या निवड समितीला मी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे एका रविवारी दूरच्या एका डॉक्टरचा फोन आला. वहिनीचे हात कणकेत, म्हणून मी स्पीकर लावला.

"तुमची दुरुस्ती वाचली. एका मुलीचं ऑपरेशन ठरवलं होतं, ते थांबवलं. औषध बदललं. उचकी थांबली तिची."

वहिनीचा चेहरा असा उजळला! मग तिने जरा लाजतच विचारलं, "याच्यावर पेपर लिहिणार असाल ना? म्हणजे... दाखला वगैरे?"

"काय लिहू, डॉक्टर? ऑपरेशन झालंच नाही."

"हो की," वहिनी म्हणाली. तिने कणकेचा गोळा उलटा केला. मग फोनकडे वाकून म्हणाली, "आता पोटभर जेवते ना हो ती?"