सुनंदाताईंनी नापास केलेलं घर

खांदा कॉलनीतल्या सुनंदाताईंच्या दोन खोल्यांत चार वर्षांत एकोणीस कुत्री राहून गेली. कुणी गाडीखाली आलेलं, कुणी गोणीत घालून टाकलेलं. ताई त्यांचं औषधपाणी करायच्या, माणसाळवायच्या आणि चांगलं घर बघून देऊन टाकायच्या. घर बघण्यात इतक्या चोखंदळ, की पोटच्या मुलीला स्थळ बघतानाही कुणी एवढं बघणार नाही. "माझ्या हातून आजवर एकही चुकीच्या घरी गेलं नाही," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. असं म्हणणाऱ्यांवर देवाचं बारीक लक्ष असतं, हे त्यांना कळायला हवं होतं.

विसावी आली चकली. मागचा एक पाय अधू. फिरायला नेली की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या शकूच्या पाटीशी जाऊन बसायची ती उठायचीच नाही. शकू जवळच्या ओवे गावाहून यायची. एक दिवस म्हणाली, "ताई, ही लंगडी मना द्या. माजी सासू दिसभर घरात एकलीच असते. तिला सोबत व्हईल."

ताई चकलीला घेऊन रीतसर घर बघायला गेल्या. सासू सोनाबाई खाटेवर बसलेली. "ये गो बाय," म्हणाली, आणि चकली सरळ तिच्या खाटेखाली जाऊन झोपली. पण ताईंची नजर अंगणातल्या लोखंडी साखळीवर गेली आणि तिथेच अडकली. ही माणसं बांधून ठेवणार, शिळंपाकं घालणार. साखळी कशाची, हे त्यांनी विचारलं नाही. चहा मात्र प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी शकूला म्हणाल्या, "अगं, हिचं घर आधीच ठरलं होतं. माझ्या लक्षातच नव्हतं." साफ खोटं.

"बरं झालं," शकू म्हणाली. "सुखात पडली म्हंजे झालं."

मग ताईंनी घाईघाईने इंद्रजीत आणि अनुष्का हे जोडपं निवडलं. बाविसावा मजला, ताई भरून घ्यायच्या त्या फॉर्मवरची सगळी उत्तरं इंग्रजीत आणि बरोबर. शकू येता-जाता चकलीची चौकशी करायची. "मजेत आहे," म्हणून ताई फोटो दाखवायच्या.

पाच महिन्यांनी जोडप्याची बंगळुरूला बदली झाली आणि चकली परत आली. केस गळलेले, नखं वाढलेली. दिवसच्या दिवस बाल्कनीत कोंडलेली होती, हे सांगायला डॉक्टर नको होता. अन्नाला तोंड लावेना. ताईंना तिची कीव आली, पण त्याहून जास्त शकूची भीती वाटली. त्या तिला मागच्या गल्लीने फिरवू लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई एका भाजीवालीपासून कुत्री लपवत फिरत होती. लाज तर रोजच वाटायची, तरी रस्ता काही बदलत नव्हती.

बाराव्या दिवशी चकलीने पट्ट्याला हिसडा दिला आणि लंगडत थेट शकूची पाटी गाठली. ताई धापा टाकत मागोमाग. शकूने चकलीच्या बरगड्या चाचपल्या, केस गळलेल्या पाठीवरून हात फिरवला. ते ताईंना बघवेना.

"शकू, मी खोटं बोलले तुझ्याशी. कुठलंच घर ठरलं नव्हतं. तुझ्या अंगणात साखळी बघितली आणि मला वाटलं…"

"ती म्हशीची. म्हैस इकली त्याला दोन वर्सं झाली. इचारायचं ना, ताई."

"चुकलं माझं. आता घेऊन जा हिला. आजच ने."

शकूने चकलीचे कान चोळले. "आता नाय जमनार. सासू गेली गनपतीच्या आधी. हिची लय वाट बघितली तिनं. पोरगी कवा येल, इचारायची. मी आपली सांगायची, येल, येल. आता मी सकालपासून इथं बसलेली, घरात कोन नाय. ही दिसभर एकली ऱ्हाईल. बरं नाय ते."

एवढं बोलून ती गिऱ्हाईकाकडे वळली.

ताई पट्टा धरून तशाच उभ्या राहिल्या. एवढी घरं पारखली, पण कुत्र्याच्या भल्यासाठी आपल्याच घराला नाही म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. आणि नेमकं त्यालाच त्यांनी नापास केलं होतं.